चव उत्तम, सही माझी

सात महिने मी पोषण आहाराच्या चव नोंदवहीत रोज 'चव उत्तम' असं लिहून खाली सही केली, आणि त्या सात महिन्यांत त्या भाताचं एक शीतही तोंडात घातलं नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे आक्कांबद्दल लिहिताना मी मधूनमधून बरा माणूस वाटण्याची शक्यता आहे. तसं वाटलंच, तर वरचं वाक्य पुन्हा वाचावं.

आक्का म्हणजे आमच्या शाळेत आहार शिजवणाऱ्या बाई. शाळा कर्जत तालुक्यातली, मिरजगावपासून आठ-नऊ किलोमीटर आत, एका वस्तीवरची. चौथीपर्यंतचे वर्ग, बेचाळीस मुलं, दोन खोल्या, एक व्हरांडा, आणि व्हरांड्याला लागूनच पत्र्याचं स्वयंपाकघर. शिक्षक दोन. एक मुख्याध्यापिका बाई, ज्या शिकवायच्याही आणि मोबाईलवर वरच्या ऑफिसची माहितीही भरायच्या. दुसरा मी, जो त्या माहिती भरताना किती दमतात हे पाहून दमायचा.

नियम असा होता की अन्न शिजलं की मुलांना वाढण्याआधी अर्धा तास शिक्षकाने ते चाखायचं, कसं झालंय ते वहीत लिहायचं आणि सही करायची. मगच पंगत. मी हजर झालो त्याच दिवशी बाईंनी ती वही माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "सर, हे काम सोपं आहे. खायचं आणि लिहायचं."

त्यातलं निम्मं काम मी मनापासून केलं.

आक्का पन्नाशी ओलांडलेल्या, काटक, पदर कमरेला असा खोचलेला की तो सुटलेला मी कधी पाहिला नाही. घर विहाराच्या गल्लीत. आवाज बारीक, पण मैदानाच्या टोकाला चिंचेवर चढलेलं पोरगं त्या आवाजाने उतरायचं. त्यांच्या वागण्याला त्यांचे स्वतःचे कायदे होते आणि ते सरकारी कायद्यांपेक्षा कडक होते.

उदाहरणार्थ, हजेरीपटावर त्यांचा विश्वास नव्हता. साडेदहाला हात पुसत व्हरांड्यात यायच्या आणि पायरीजवळच्या चपला मोजायच्या. जितके जोड तितका तांदूळ. एक मुलगा कायम अनवाणी यायचा, त्याच्यासाठी पायरीवर एक खडा ठेवायच्या. तिसरीतल्या एका पोराचा जोड मात्र त्या दीड धरायच्या. मी एकदा विचारलं, "दीड कसा, आक्का?"

"जेवताना बगा त्याला," त्या म्हणाल्या.

मी बघितलं नाही, कारण जेवणाच्या वेळी मी माझा डबा उघडून बसलेलो असायचो.

मुलांना त्या नावाने हाक मारत नसत. जो जे ताटात टाकतो, ते त्याचं नाव. कढीपत्ता बाजूला काढणारा तो कढीपत्त्या. टोमॅटोच्या साली ताटाच्या कडेला चिकटवणारा टमाट्या. चौथीत एक हुशार मुलगी होती, ती वाटाणे एकेक करून वेगळे काढून त्यांची रांग लावायची. ती अर्थातच वाटाणी. बाईंना हे पटत नसे. त्या एकदा म्हणाल्या, "आक्का, मुलांना नावं आहेत चांगली."

"हायेत की. पन नावावरनं मला काय कळतं? वाटानी म्हनलं की कळतं, हिला वाटाने कमी घालायचे."

आम्ही दोघांनी डी.एड. केलेलं होतं, पण वैयक्तिक भेद लक्षात घेऊन अध्यापन ही जी गोष्ट आम्ही परीक्षेत दहा मार्कांना लिहिली होती, ती आक्का वाढायच्या डावाने करत होत्या.

पंगतीचा कायदा आणखी निराळा. रोज वाढायला वेगळ्या टोकाकडून सुरुवात करायच्या, म्हणजे कुणीच कायमचा शेवटचा राहायचा नाही. आणि मुलं बसवायच्याही त्याच. काल जो ज्याच्या शेजारी बसला, तो आज बसायचा नाही. "सरक. तू हिकडं. तू त्याच्या मांडीला मांडी लाव." मला वाटायचं मुलं गप्पा मारतात म्हणून. बरेच महिने मला असंच वाटत होतं. मी निरीक्षणात कच्चा आहे हे वरच्या दीड जोडावरून लक्षात आलंच असेल.

'पुरे' हा शब्दही त्यांना चालत नसे. ताटावर हात आडवा धरला तरच डाव थांबायचा. "तोंड लाजून पुरे म्हनतं," त्या म्हणायच्या. "हात भरल्या पोटाबिगर वर येत न्हाई."

आणि सगळ्यात मोठा कायदा: आक्का स्वतः शिजवताना कधी चाखत नसत. झाकणाला कान लावायच्या. "अजून बोलतोय भात," असं म्हणून परत झाकायच्या. तो गप्प झाला की गॅस बंद.

"मीठ कसं कळतं मग?" मी विचारलं होतं.

"हाताला कळतं. आनि शिजवनाऱ्याच्या जिभेवर भरवसा न्हाई ठिवायचा. ती आपलीच असती, गोडच सांगती. चाखायला दुसरं मानूस लागतं. म्हनून तर तुमी हाय."

तुमी हाय. म्हणजे मी.

रोज बाराच्या सुमाराला आक्का एका ताटलीत भात-उसळ घालून, वर दुसरी ताटली झाकून, माझ्या टेबलावर आणून ठेवायच्या आणि मागे न बघता जायच्या. मी ती ताटली उचलून खोलीच्या मागच्या दाराने बाहेर जायचो. तिथे मोत्या नावाचा तांबडा कुत्रा ठरलेल्या वेळी हजर असायचा. त्याचं दोन मिनिटांत आटपायचं. मी ताटली विसळून आत यायचो आणि लिहायचो, 'चव उत्तम'. आता बघता, वहीत खोटं असं काही नव्हतं. शेरा मोत्याचा होता, सही फक्त माझी होती.

का, तर माझी जीभ. बायको पहाटे पाचला उठून डबा करून द्यायची. त्याआधी काही खाल्लं की त्या डब्याची मजा जाते, हे एक कारण. दुसरं, मी स्वतःला सांगत आलेलं मोठं कारण म्हणजे नगरचं हॉस्टेल. डी.एड.ची दोन वर्षं मी तिथल्या मेसमध्ये एका भल्यामोठ्या पातेल्यातली आमटी खाल्ली होती. त्या आमटीत डाळ होती की नाही यावर आमच्यात दोन गट होते. तेव्हापासून मोठ्या पातेल्यात शिजलेलं काही बघितलं की माझी भूक मरते, असं मी सगळ्यांना सांगत असे. ऐकणाऱ्यालाही पटायचं, मलाही पटायचं.

वही भरण्यातही मी हळूहळू प्रगती केली. आधी रोज लिहायचो. मग वाटलं, कुत्र्याची आवड काही रोज बदलत नाही. मग सोमवारीच पूर्ण आठवड्याचे शेरे एका बैठकीत लिहायला लागलो. त्यात जरा रंगतही आणायचो. 'चव उत्तम.' 'मीठ योग्य प्रमाणात.' 'मुलांनी आवडीने सेवन केले.' एकदा गॅस संपला म्हणून आक्कांनी त्या दिवशी मुलांना नुसती केळी वाटली. त्या तारखेला माझा शेरा होता: 'व्यवस्थित शिजले होते.'

आणि ही वही कुणी वाचत नाही अशी माझी समजूत होती. ती रोज वाचली जात होती. आक्कांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पंगत उठली, भांडी विसळून झाली, की त्या वाटाणीला हाक मारायच्या. "आन गं ती वही. आज काय लिव्हलंय?"

"चव उत्तम," वाटाणी वाचायची.

"आनि?"

"मुलांनी आवडीने सेवन केले."

"सेवन म्हंजी?"

"खाल्लं."

"मंग खाल्लं लिवायचं की सरळ."

एवढं बोलून आक्का घरी जायच्या. आपल्या हातच्या अन्नाची बातमी त्यांना फक्त त्या वहीतून कळायची, आणि वहीत मी होतो.

एका मंगळवारी केंद्रप्रमुख आले. भला माणूस, चष्मा कपाळावर ठेवून वाचणारा. व्हरांड्यातच खुर्ची टाकून बसले, सगळ्या वह्या मागवल्या. पंगत बसायची वेळ होती, मुलं हात धुऊन रांगेत उभी, आणि त्याच वेळी वाटाणीचे वडीलही कसलासा दाखला मागायला आलेले. हे गृहस्थ आमच्या शाळा समितीचे सदस्य. विहिरीला पाणी बरं, आवाज त्याहून बरा.

साहेबांनी चव नोंदवही उघडली. थोडा वेळ वाचलं. मग म्हणाले, "सर, परवा रविवार होता ना?"

"हो, साहेब."

"रविवारी चव उत्तम?"

सोमवारी लिहिण्याच्या भरात मी सातही दिवस भरून टाकले होते. माणसाने अशा वेळी गप्प बसावं. पण माझा स्वभाव असा की खड्ड्यात पडलो की आधी खोली बघून येतो. मी म्हणालो, "साहेब, ते घरचं."

साहेबांनी पान उलटलं. "आणि हे गुरुवारचं. आज मंगळवार. परवाच्या भाताची चवसुद्धा कळलीय तुम्हाला." वही मिटून त्यांनी शांतपणे विचारलं, "बरं, आज काय केलंय आहाराला?"

"मसालेभात," मी म्हणालो. ठामपणे.

"मटकीची उसळ," रांगेतून पंधरा-वीस आवाज आले. ते तिथेच थांबले असते तरी मी वाचलो असतो. पण पहिलीतलं एक पोर, ज्याला मीच आठवडाभर 'खरं बोलावं' हे शिकवत होतो, पुढे येऊन म्हणालं, "सर खात न्हाईत. सरांचं मोत्या खातो."

स्वयंपाकघराच्या दारात आक्का डाव हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. वळून आत गेल्या आणि बाहेर येऊन रोजच्यासारख्या वाढायला लागल्या. त्या दिवशी सुरुवात उजव्या टोकाकडून होती.

साहेबांनी लेखी खुलासा मागितला. तो मी दिला, पान भरून, शुद्धलेखन सांभाळून. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. खरं ते दुसऱ्या दिवशी झालं.

दुसऱ्या दिवशी वाटाणी डबा घेऊन आली. पंगत बसली तेव्हा ती आणि तिच्या भावकीतली तीन मुलं व्हरांड्याच्या पायरीवर वेगळी बसली. तिचे वडील फाटकाशी मोटारसायकलवर माझी वाट बघत होते. मला वाटलं, आता बोलणी खायची. मी तयारीने गेलो. तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"गुरुजी, वाईट वाटून घिऊ नका. आमाला समाजलं."

"काय समजलं?"

"आता तोंडानं कशाला बोलायचं. आमाला वाटत हुतं आमीच जुन्या डोस्क्याचं. दोन वरसं झाली, मनात लई हुतं, पन म्हनलं सरकारी काम हाय, आपुन बोललो तर आपल्यालाच नाव. आता तुमी येवढं शिकल्यालं, तुमी बी तिच्या हातचं कुत्र्याला घालता. मंग आमच्या पोरांनी काय घोडं मारलंय?" आणि गाडीला किक मारता मारता म्हणाले, "सोमवारी मिटिंग हाय. मी बाई बदला म्हननार. तुमी नुसतं हू म्हना."

समितीच्या त्या बैठकीत दरवर्षी आक्कांचं काम पुढे चालू ठेवायचं ठरत असे. म्हणजे सोमवारी त्यांची चूल राहणार की जाणार, हे ठरणार होतं. आणि जाणार असेल तर साक्षीदार मी. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या पालकाने माझ्यावर इतका विश्वास टाकला होता, आणि तो असा. आक्का पंगतीत रोज शेजारी का बदलायच्या, हेही मला तेव्हा कळलं.

मी त्या दुपारी स्वतःला विचारलं, की आक्का दुसऱ्या गल्लीतल्या असत्या तर ती ताटली मागच्या दाराने गेली असती का. उत्तर आलं, हो, गेलीच असती, नुसता चोचलेपणा आहे हा तुझा. उत्तर बरोबर होतं बहुतेक. पण ते जरा लवकर आलं.

शाळा सुटल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. आक्का उद्याची मटकी निवडत होत्या. मी भाषण तयार केलं होतं. "आक्का, माझ्या वर्तनामुळे आपल्या भावना..."

"बसा," त्या म्हणाल्या. "खडं दिसत्यात का तुमाला? चष्मा हाय न्हवं? निवडा."

मी सूप पुढ्यात घेतलं. थोडा वेळ दोघंही निवडत राहिलो. मग मी म्हणालो, "मी चाखत नव्हतो."

"ठावं हाय मला."

"कालपासून?"

"दसऱ्याच्या आदीपासनं. येकदा मुद्दाम तुमच्या ताटलीत मीठच घातलं न्हवतं. वाटानीनं वाचलं, मीठ योग्य प्रमानात." त्यांनी एक खडा उचलून बाहेर टाकला. "मंग दुसऱ्या दिशी मागच्या अंगाला येऊन बघितलं. मोत्या लई मनापासनं खात हुता."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? लई बघितलीत अशी. तुमच्या आदी येक मास्तर हुते, ते पानीसुदिक घरनं आनायचे. पन त्यो मानूस तोंडावर न्हाई म्हनायचा. ताटली घ्यायचा न्हाई. तुमी घेत हुता, थ्यांकू म्हनत हुता."

"आक्का, तसं नाही. खरंच तसं नाही. मला मोठ्या पातेल्यात शिजलेलं जातच नाही. हॉस्टेलला होतो ना, तिथं दोन वर्षं..."

आक्कांनी निवडायचं थांबवलं. "लगनात जेवता का?"

"जेवतो."

"तितं वाटी वाटीत शिजवत्यात?"

वीस वर्षं जपलेलं माझं कारण असं एका प्रश्नात संपलं. हॉस्टेल सोडल्यापासून मी किमान दोनशे लग्नं जेवलो असेन, आणि मठ्ठ्यासाठी भांडलोही असेन. मी म्हणालो, "मग मी नुसता चोचला आहे. आणि आळशी."

आक्का माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. बाजारात वजनाला बरी वाटलेली वस्तू घरी आणल्यावर पोकळ निघाली की बाई जशी बघते, तशा. "येवढंच?" त्या म्हणाल्या. "दसऱ्यापासनं मी तुमच्यावर राग धरला. मनातल्या मनात किती भांडले. आनि तुमी नुसतं आळशी निघाला."

"सोमवारी मीटिंगमध्ये वाटाणीचे वडील तुम्हाला बदला म्हणणार आहेत."

"बदलतील तर बदलतील. खुरपायला जाईन. हातपाय हायेत." त्यांनी सूप माझ्या हातातून ओढून घेतलं, कारण मी खडे ठेवून मटकी टाकत होतो. "पन नवी बाई आली, तर ती वाटानीला वाटाने कमी घालंल का? आनि त्या अनवान्या पोराला चपलांत कोन मोजंल?" पुढे म्हणाल्या, "उद्यापासनं तुमी पंगतीत बसा. शेवटाला."

घरी जाऊन मी बायकोला सांगितलं की उद्यापासून डबा नको. तिने सगळी हकीकत ऐकून घेतली. मला वाटलं, तिला माझं हृदयपरिवर्तन भावेल. ती म्हणाली, "म्हणजे शाळेत गरम जेवण मिळत होतं आणि मी सात महिने उगाच पाचला उठत होते?" मग दोन दिवस ती बोलली नाही.

गुरुवारी मी मांडी घालून पंगतीत बसलो. ज्यांना आपण 'गुडघे वर करून बसू नका' असं सांगतो, त्यांच्यामध्ये पँटमध्ये मांडी घालून बसणं ही किती अवघड गोष्ट आहे, हे तेव्हा कळलं. पहिला घास खाल्ला आणि... मी खोटं लिहिणार नाही, तो विषय संपला. चांगली होती उसळ. फार चांगली होती. मला राग आला. सात महिने एक कुत्रा माझ्यापेक्षा बरं जेवत होता.

पण मला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. मला उदाहरण घालून द्यायचं होतं. पायरीवर बसलेल्या त्या चौघांना दिसेल असा मी बसलो आणि दर घासाला "वा" म्हणायला लागलो. "वा, काय चव आहे!" दुसऱ्यांदा भात मागितला. तिसऱ्यांदा मागितला. पायरीवरून वाटाणी टक लावून बघत होती. तिच्या मांडीवर डबा होता, बंद. शेवटी ती म्हणाली, "सर, तुमी मिरच्या बाजूला काढल्यात."

आक्कांनी वळून माझ्या ताटाकडे बघितलं. त्या दिवसापासून मी मिरची झालो. "मिरचीला वाढा रं." "मिरची, पाय आत घ्या." बाई माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावायच्या. मुलांना नावं आहेत असं त्या आता म्हणत नव्हत्या.

आक्कांनी मात्र उदाहरण वगैरे काही घालून दिलं नाही. साडेदहाला येऊन चपला मोजायच्या. चौघांचे जोडही पायरीशी असायचे, ते त्या मोजायच्या, आणि शिजवायच्या बेचाळिसांचं. पंगत बसवताना चौघांची जागा मोकळी सोडायच्या, त्यांची ताटं मांडून. बाई म्हणाल्या, "आक्का, ती डबा आणतात आता."

"चपला हायेत तर ताटं हायेत," आक्का म्हणाल्या.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. ताटं मोकळी राहिली. वाटाणी रोज डबा आणायची आणि न उघडता मांडीवर धरून बसायची. बाकीचे तिघं तिच्याकडे बघत आपापले डबे अर्धे अर्धे खायचे. मी रोज वा वा करत होतो आणि रोज तीन वेळा भात घेत होतो. शुक्रवारी दुपारच्या तासाला मी तिसरीला भागाकार शिकवता शिकवता खुर्चीत झोपलो. मुलं शहाणी, त्यांनी उठवलं नाही. रविवारी घरी बसून मी बैठकीत करायचं भाषण लिहिलं. त्यात समता होती, बंधुता होती, आणि एक परिच्छेद निव्वळ मटकीवर होता.

सोमवारी बैठक जेवणानंतर होती. पंगत बसायच्या आधीच फाटकात मोटारसायकल वाजली. वाटाणीचे वडील येत होते, मागून वाटाणी. मी तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात होतो, हातात ताट, कारण हल्ली मी सगळ्यात आधी ताट घेऊन उभा राहत असे. म्हटलं, भाषणाची वेळ हीच. बैठकीपर्यंत कशाला थांबायचं. मी दारातच उभा राहिलो, ताट उंच धरलं आणि सुरू झालो.

"हे पाहा, मी आता रोज इथं जेवतो. सगळ्यांसमोर. तीन तीन वेळा घेतो. माझी चूक झाली होती, ती मी स्वतःच्या आचरणाने सुधारली आहे, आणि शिक्षकाचं आचरण पाहून समाज..."

"तुमी काय, गुरुजी," ते म्हणाले, "गरम गरम फुकाट मिळाल्यावर खानारच की."

मी ताट खाली घेतलं.

"तुमी खाता का न्हाई खात, त्याचं आता मला काय बी न्हाई. मला तवा बोलायला कुनाचा तरी आडोसा पायजे हुता, तुमचा घावला." हे त्यांनी जमिनीकडे बघत सांगितलं. "ही पोरगी चार दिस झालं डबा भरल्याला परत आनती. घरी बी नीट जेवंना. काल हिच्या आईनं हिच्यासाठी मुद्दाम मटकी केली, तर म्हनती, आक्काच्या हातची न्हाई. बायकू माझ्यावर तापलीया. आई बोलंना झालीया. म्हनत्यात, पोरीला उपाशी मारून तुला कंची इज्जत मिळवायचीय." मग माझ्या खांद्यावरून आत बघून, पण आक्कांच्या डोळ्यांकडे न बघता, म्हणाले, "मिटिंगीत मी काय म्हननार न्हाई. जे चाललंय ते चालू द्या. हिला आज डबा न्हाई आनल्याला. वाढा तिला."

आक्कांनी पातेल्याला कान लावला, झाकण काढलं, डाव घेतला. मी अजून दारातच होतो. मला वाटत होतं की अशा प्रसंगी कुणीतरी दोन शब्द बोलायला हवेत, आणि समतेचा परिच्छेद अजून शिल्लक होता. मी घसा साफ केला. माझ्या मागे वाटाणी एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून आत शिरायला बघत होती.

"गुरुजी," आक्का म्हणाल्या, "आदी तुमी दारातनं सरा. मगापासनं आडवं तुमीच हुबं हाय."